टिशूचा डबा

प्रिय आई,

रविवारीच तर तुमच्याकडून आले आणि लगेच हे पत्र, म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, नापास झालेले नाही आणि कुणा गोऱ्याशी लग्नही ठरवलेलं नाही. फोनवर मला जे बोलायचं असतं ते कधी बोलून होतच नाही, एवढंच. तू आधी विचारतेस, जेवलीस का. मग पामर्स्टन नॉर्थला वारा आहे का. आणि मी तोंड उघडेपर्यंत फोन मृदुलावहिनीच्या हातात गेलेला असतो. वारा आहे गं. आज तर सायकल हातात धरून हॉस्पिटलपर्यंत चालत जावं लागलं.

तिकडे तुमच्या सँडरिंगहॅमच्या वाणसामानाच्या दुकानात तू सगळ्यांना सांगतेस की माझी अस्मिता डॉक्टर होणार, आणि कसली ते विचारलं की डाळीचे भाव विचारायला लागतेस. तर ऐक. डॉक्टरेटचं हे माझं शेवटचं वर्ष, इंटर्नशिपचं. मन आजारी असलेल्या खऱ्या माणसांशी वर्षभर बोलायचं आणि शेवटी परीक्षकांसमोर बसायचं. औषध मी देत नाही, फक्त ऐकते. ऐकायचं काय शिकायचं, असं दादा हसतो, पण तेच अवघड आहे. माणसाची परवानगी घेऊन आमचं बोलणं व्हिडिओवर घेतात आणि नंतर हेलन, म्हणजे माझी सुपरवायझर, ते माझ्याबरोबर बघते. साठी उलटलेली बाई आहे. मांडीवर विणकाम असतं, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मागच्या आठवड्यात तिने टेप थांबवली. समोर कोण होतं ते तुलाही सांगायचं नाही, तसा नियमच आहे. त्या माणसाचे डोळे नुसते भरून आले होते, तोच माझा हात टिशूच्या डब्याकडे गेला आणि डबा त्याच्या पुढ्यात. माणूस डोळे पुसून हवापाण्यावर बोलायला लागला. हेलन म्हणाली, डबा टेबलावर असू दे, ज्याला हवा तो हात पुढे करील. तू दिलास की समोरच्याला वाटतं, आता पुरे. मला राग आला. म्हटलं, आमच्याकडे रडणाऱ्याला असं सोडत नाहीत, पाणी देतात, चहा देतात. ती शांतपणे म्हणाली, मग तुमच्याकडे रडतात कधी?

मला अण्णा गेले तो दिवस आठवला. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन, शांताकाकू चहाचा कप घेऊन, सगळ्यांचं एकच, रडू नका वहिनी, मुलांकडे बघा. मीसुद्धा ओढणीने तुझं तोंड पुसलं आणि म्हटलं, नको ना आई, बीपी वाढेल तुझं. तू थांबलीस. महिन्याभरात दादाने तुला इकडे आणलं आणि तेव्हापासून तुझ्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलेलं नाही. सगळे कौतुक करतात, किती सावरल्या म्हणून.

शनिवारी तू मला तुझं घड्याळ दिलंस. अण्णांनी घेतलेलं, किल्लीचं, आंघोळीला जातानाच काय ते मनगटावरून उतरायचं ते. म्हणालीस, मला आता वेळ बघून काय करायचंय. पुरणयंत्र वहिनीला देऊन झालं होतं, मोहनमाळ इराला. ती आपली 'आजी, सो प्रिटी!' म्हणत आरशासमोर नाचत होती आणि तू बघत होतीस, हसत होतीस. पण पुरती हजर नव्हतीस. मी विचारलं, बरी आहेस ना? तर म्हणालीस, सगळं छान आहे गं, काही कमी नाही.

बसमध्ये मला धड बसवेना. ते घड्याळ पर्समधून काढत होते, पुन्हा ठेवत होते. पोचल्यावर दादाला फोन केला, तर तो पेनरोजच्या कारखान्यातून ओरडून म्हणाला, तुम्हा लोकांना घरात पण पेशंट दिसायला लागले, म्हातारी माणसं असंच बोलतात. खरंच आहे. आपल्याकडे अर्ध्या आज्या उठता-बसता 'आता आमचं काय राहिलंय' म्हणतात आणि पुढच्या दिवाळीला चकल्या तळतात. तुला नुसतं द्यावंसं वाटलं असेल. पण आम्हाला शिकवलंय की एखादं माणूस जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागलं, तर तर्क करत बसू नये, सरळ विचारावं. हेलनने तो प्रश्न मला रिकाम्या खुर्चीकडे बघून पुन्हा पुन्हा विचारायला लावला, आवाज कापायचा थांबेपर्यंत. विचारल्याने तसा विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. परक्या माणसांना मी ते इंग्रजीत धडधडीत विचारते. मराठीत मात्र ते तोंडातून निघत नाही. निघणार कसं? लहानपणी मी वैतागून 'मरू दे ती शाळा' म्हटलं, तर तू माझ्या तोंडावर चापट मारून वर साखर घातली होतीस. अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो.

म्हणून बोलत नाही, लिहिते. आई, तुला मरून जावंसं वाटतं का? जीव संपवावा असं कधी मनात येतं का? हे विचारायलाच हे पत्र आहे, बाकी सगळी टाळाटाळ. शुक्रवारी मी बसने येतेय. तोवर तुला एकटीला सोडू नकोस असं मी वहिनीला सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. उत्तर 'नाही' असेल तर मला पोटभर शिव्या घाल. 'हो' असेल तर तेही सांग. मी घाबरेन, पण पळणार नाही, आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ. घड्याळ घेऊन येतेय, ते तुझ्याच हातावर राहणार. आणि आई, रडू आलं तर या वेळी मी पाणी आणणार नाही, चहा टाकणार नाही, ओढणी पुढे करणार नाही. बसून राहीन. जे असेल ते मोठ्याने बोल. दादाच्या घराच्या भिंती प्लास्टरबोर्डच्या आहेत, त्यांना मराठी कळत नाही.

तुझीच,
अस्मिता