एकाच नावापुरती जागा

५ जानेवारी
सापगावहून निघून आज टोकावड्याच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले. मुलींच्या वसतिगृहातच खोली मिळाली. कपाटात देणगीतून आलेले, पडद्यावर आलेख काढणारे दोन ग्राफिंग कॅल्क्युलेटर सापडले. ज्यांची चित्रे केवळ पुस्तकात पाहिली, ती यंत्रे हाती आली, याचा आनंद कोणाला सांगावा!

७ जानेवारी
नववीतल्या भिमीने कॅल्क्युलेटरमधला खेळ दाखवला. हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे खेळ चालवणारा प्रोग्राम दोन्हींत कोणीतरी आधीच भरला आहे. पुस्तकी भाषेत तो एम्युलेटर. मुली त्याला ‘बाहुली’ म्हणतात. खेळ प्रथम नाव विचारतो, मग त्या नावाची ठिपक्यांची बाहुली चालू लागते. भिमीची बाहुली तिच्यासारखाच डावा पाय ओढते. तुमी पन नाव टाका बाई, नव्या नवरीसारक्या लाजता कशाला, असे म्हणून तिने दुसरा कॅल्क्युलेटर माझ्या हाती दिला. मी इंग्रजी अक्षरांत ‘मनस्वी’ लिहिले. माझी बाहुली कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. भिमी खूप हसली. माझ्या बाहुलीला सोबत म्हणून तिने स्वतःच्या खेळाची प्रत केबलने माझ्या कॅल्क्युलेटरवर पाठवली.

९ जानेवारी
उद्या चाचणी. परीक्षेपूर्वी मेमरी पुसावी, असा माहितीपत्रकातला नियम आहे. मुलींचा कॅल्क्युलेटर, भिमीची बाहुली होती तो, मी स्वतः पुसला. माझा तसाच ठेवला.

१० जानेवारी
हजेरीला भिमी उठली नाही. नाव विचारले, तर म्हणाली, मला नाव नाय.

११ जानेवारी
तिची आई जनाबाई पाड्यावरून आली. म्हसा गावच्या जत्रेसाठी घेतलेल्या बांगड्या तिने पुढे केल्या. भिमीने मला विचारले, ही कोन? डॉक्टरांना काही सापडत नाही. ती आता पाणी गिळायचेही विसरते आहे.
पुसले ते मी. मीच.

१२ जानेवारी, सकाळ
माझ्या कॅल्क्युलेटरवर तिची प्रत उघडली. भिमीने मान उचलली, ‘आय’ म्हणाली. तेवढ्यात पडद्यावर सूचना — जागा अपुरी, एक नाव पुसा. खेळ बंद. तिची मान पडली.

दुपार
दहा वेळा तेच. पुसलेला कॅल्क्युलेटर केबलवरून काहीच घेत नाही. नावे दोनच — तिचे आणि —
श्वास मंदावतो आहे. जनाबाई माझे पाय सोडत नाही —
माझी आई सापगावला. तिचा चेहरा एकदा नीट आठवून —
पुसले.

संध्याकाळ
मुलीने पाणी मागितले. बांगड्या भरल्या. डावा पाय ओढत माझ्याजवळ आली, बाई, बाई म्हणून रडते आहे. का, ते कळत नाही. गोड मुलगी आहे.
या वहीवर कुणा मनस्वीचे नाव आहे. दुसऱ्याच्या वहीत लिहू नये. तिची तिला परत द्यायला ह—