त्याच कापडाचा टाय

मु. काष्टी, ता. श्रीगोंदा
९ फेब्रुवारी १९७१

रा. रा. मच्छिंद्रराव साडूबुवा यांस काष्टीहून कारभाऱ्याचा रामराम.

तुमची तब्येत, आक्काबाईंचा गुडघा आणि नवी गाय ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडची खुशाली लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? इकडे खुशाल फक्त बैल आहेत. बाकी आम्ही सगळे कालच्या टपालापासून हबकून बसलो आहोत, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

तुम्हीच लिहिलं होतं, की संगमनेरचे हेडमास्तर शिकलेले गृहस्थ आहेत, त्यांच्या चांगुणासाठी आमच्या गहिनीनाथाचा फोटो टाय लावलेला पाठवा. (तुमच्या लग्नात तुम्ही धोतरावर बूट घातले होते, तेव्हा मी काही बोललो नव्हतो.) गहिनी कारखान्यात कारकून, सत्ताविसावं सरत आलेलं, दोन ठिकाणं हातची गेलेली. त्यात तुम्ही पाठवलेला मुलीचा फोटो तो तेव्हापासून खिशात घेऊन हिंडतोय. जेवतानासुद्धा डावा हात खिशावर. म्हटलं, सांगतील ते गळ्यात बांधू, पण हे ठिकाण जायला नको.

आता टाय लावायचा तो कशावर? गहिनीनं नगरहून टेरिलिनचं कापड आणून खास फोटोसाठी शर्ट शिवला. ओसरीवर कापड पाहिलं तेव्हा मला वाटलं, पडदा आणला. चॉकलेटी रंग, त्यावर ताटलीएवढी नारिंगी फुलं, आणि उरल्यासुरल्या जागेत हिरवी पानं. पोळ्याच्या बैलाच्या झुलीवर एवढी गर्दी नसते. हल्ली हेच चालतं म्हणाला.

आमच्या मळ्याशेजारच्या कानिफनाथानं (मिलिटरीतून पेन्शनीत आलाय) आपला खाकी टाय आणून दिला. तो त्या फुलांवर बांधला तर पोरगा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसायला लागला. मग लाल टाय घ्यावा का हिरवा, का पिवळा, यावर आमच्या घरात दोन दिवस असा वाद पेटला की गुरांना वैरण टाकायची राहून गेली. (फोटो काळा-पांढरा निघतो, हे त्या दोन दिवसांत एकाही शहाण्याला आठवलं नाही. मी धरून.) शेवटी छबूबाईनं निकाल दिला. म्हणाली, "पोरी आता पातळाच्याच कापडाचं पोलकं घालत्यात. टाय बी शर्टाच्याच कापडाचा करा, लई शोभंल." कापड हातभर उरलं होतंच. तुमची मेव्हणी एकदा बोलली की घरात दुसरं कोणी बोलत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भीमा टेलरनं उभ्या जन्मात टाय शिवला नव्हता, पण नाही म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं. कानिफनाथाचा टाय चाचपून त्यानं ठरवलं की आत काहीतरी भरलेलं आहे. काय, ते उसवून बघू द्यायला कानिफनाथ तयार होईना. मग भीमानं आपल्या अकलेनं गादीचा कापूस भरला, आणि कमी पडायला नको म्हणून चांगला ठासून भरला. तयार झालेला टाय भिंतीला टेकवला तर उभा राहत होता. आम्ही कौतुक केलं.

नगरच्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरनं खिळ्याला टांगलेला स्वतःचा काळा टाय देऊ केला, पण परक्याच्या घामाचा टाय छबूबाईला नको होता. मग तो कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून बराच वेळ बाहेर येईना. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. फोटोत चेहरा चांगला उठलाय, पण टाय कुठंच नाही. फुलांत फुलं आणि पानांत पानं मिसळून काठच दिसेना, उरला तो नुसता फुगवटा. आम्हाला टाय आहे हे माहीत होतं, म्हणून आम्हाला तो दिसला. तसाच पाठवून दिला.

काल हेडमास्तरांचं उत्तर आलं. अक्षर सुरेख आहे. लिहितात, "चि. गहिनीनाथ यांच्या गळ्यापासून पोटापर्यंत जी वाढ दिसते ती जन्मापासूनची आहे की अलीकडची, आणि ती कापून निघण्यासारखी आहे काय, हे डॉक्टरांच्या सहीनिशी कळवावे. तोपर्यंत पुढील बोलणे नको."

मच्छिंद्रराव, मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला घाम फुटला. माझ्या धडधाकट पोराला, ज्याला आजवर साधी सुपारीएवढी गाठ आली नाही, त्याला हे वाढ म्हणतात. गहिनी कालपासून जेवला नाही. खिशावरचा हात काढत नाही. त्याच्याकडे बघवत नाही हो. भीमा मात्र विचारून गेला, की कापूस जास्त झाला का?

आम्हीही मानी माणसं आहोत. डॉक्टरची सही देणार नाही. ही सोयरीक मोडली असं हेडमास्तरांना माझ्या नावानं बेधडक सांगा, आणि पुन्हा आमच्या घरी ठिकाण सुचवू नका.

रागात असलो तरी तुमचाच,
कारभारी

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात दुपारचं टपाल आलं. गहिनीच्या नावानं साधं कार्ड, लिहिणार चांगुणा. स्वतः. लग्न न ठरलेल्या मुलीनं, मुलाला, उघड्या कार्डावर. (पोस्टमननं वाटेत वाचलं होतं, तेव्हा आता गावाला पाठ आहे.) मी उंबऱ्यावरच बसलो. लिहिते, "वडील नाही म्हणतात. मी हो म्हणते. गळ्याला जे असेल ते असो, माणूस डोळ्यांवरून चांगला वाटतो. फार दुखतं का, तेवढं कळवावं." छबूबाईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पदर डोळ्याला लावला.

आणखी ता. क. वरचं मोडल्याबिडल्याचं वाचलंच नाही असं समजा. पत्र मिळताच तसेच उठून हेडमास्तरांकडे जा, तो टाय होता हे त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगा, आणि तारीख पक्की करूनच घरी जा. मुलीला मात्र एवढ्यात काही बोलू नका. गहिनी मघापासून उत्तर लिहीत बसलाय. मी मागून डोकावलो. त्यानं लिहिलंय, "थोडं दुखतं."