तुळशीच्या भरवशावर क्रिसमस ट्री

१६ नोव्हेंबर, रविवार
निर्णय झाला. शहर सोडून गौतमपुऱ्याला जमीन घ्यायची, छोटं घर बांधायचं आणि उरलेलं आयुष्य झाडांत काढायचं. शहरातल्या या भंवरकुआंत राहून माणसाचं होतं काय? खिडकी उघडली की कोचिंगच्या होर्डिंगवरचे टॉपर आपल्याकडे बघून हसतात. एवढी वर्षं शाळेत संस्कृत शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती काय यासाठी?

वसुधाला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, तबला, होमिओपॅथी, मधमाश्या, यांतलं काय पुरं केलंत? मी म्हटलं, तुळस. बाल्कनीतली तुळस लग्नापासून माझ्या हातची आहे. रोज मंजिऱ्या खुडतो म्हणूनच ती एवढी डेरेदार. यावर तिने सोललेले दाणे सालींत टाकले. पटलं असावं.

मग अट घातली. शहराबाहेर राऊला कस्तुरीची नर्सरी आहे, क्रिसमस ट्रीचा सीझन लागलाय, तिला हंगामी माणूस हवाय. पंचवीस डिसेंबरपर्यंत तिथे टिकून दाखवा, मी मुकाट्याने गौतमपुऱ्याला येते.

कस्तुरी माझी जुनी विद्यार्थिनी. वसुधाची तिच्याशी एवढी ओळख कशी, कोण जाणे. माझ्याच पुण्याईने असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पाचला उठून सूर्यनमस्कार घालून निघायचं ठरलं होतं. साडेआठला निघालो. थंडी फार, सूर्याचीच तयारी नव्हती.

कुंड्यांच्या रांगाच रांगा. झाडं गुडघ्याएवढी, कमरेएवढी. फांद्या मजल्यामजल्यांनी गोल फिरलेल्या, समईसारख्या. कस्तुरीला शब्दरूपं कधी पाठ झाली नाहीत. तू माळीकाम कर, असं तिला वर्गात मीच सांगितलं होतं. माझी दूरदृष्टी.

ती म्हणाली, सर, तुम्ही फक्त पाणी घाला, वाळलेलं वेचा, बाकी कशाला हात लावू नका. गुरूला जड काम सांगायचा संकोच. समजून घेतलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कंबर. पाणी घालणं हे बुद्धिमंतांचं काम नव्हे. एका जागी बसवत नाही, उभं राहिलं की बसावंसं वाटतं. दुपारी सगळ्या झाडांना ‘नातालतरु’ अशा संस्कृत चिठ्ठ्या बांधल्या. कस्तुरी म्हणाली, सरजी, कस्टमर समझेगा खांसी की दवाई है.
चिठ्ठ्या सोडल्या. त्यालाही दोन तास गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
शोध लागला! ही झाडं नुसती उंच चालली आहेत, भरत नाहीत. मजल्यांच्या मधून आरपार दिसतं. तुळसही खुडली नाही तर अशीच किडकिडीत होते. कुणाला सुचलं कसं नाही? शेंड्याला कोवळा कोंब असतो. नखाने धरायचा. टक्.

संध्याकाळी
एक अख्खी रांग. फार समाधानाचा आवाज आहे तो. बसल्या बसल्या सारखा हलणारा माझा पाय कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आज थांबला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
कस्तुरी डिलिव्हरीला गेली की खुडतो. सांगत नाही, झाडं डेरेदार झाल्यावर तिलाच कळेल. खालच्या मजल्यावरच्या सुशांतने विचारलं, क्या भिया, नर्सरी में लग गए? म्हटलं, कन्सल्टंट आहे. तो म्हणाला, तो फिर नाखून में मिट्टी कायकू? उद्यापासून हातमोजे.

५ डिसेंबर, शुक्रवार
हातमोज्यांनी खुडता येत नाही. रद्द.

कोपऱ्यातलं मोठं झाड एका हॉटेलच्या लॉबीत जाणार आहे. कस्तुरीने ते स्वतःच्या हाताने वाढवलंय. येता-जाता त्याच्याशी बोलते. आधी वाटलं, राहू दे. पण मग पंक्तिप्रपंच झाला असता. शिडी लावली. वरून राऊ फार छान दिसतं. टक्.

गौतमपुऱ्याच्या घराचा नकाशा काढायला घेतला. वसुधासाठी पूर्वेला खिडकी.

११ डिसेंबर, गुरुवार
झाडं अजून भरली नाहीत. थंडीमुळे. तुळशीलाही वेळ लागतोच. नकाशात विहीर काढली.

१५ डिसेंबर, सोमवार
हॉटेलचा मॅनेजर यशवर्धन झाड न्यायला आला. सोबत केवढी थोरली चांदणी. त्याचा माणूस शिडीवर चढला आणि वरूनच ओरडला, भिया, लगाऊं किसमें?

कस्तुरी स्वतः चढली. उतरली. मग रांगेरांगेतून चालत गेली, प्रत्येक शेंड्यावर बोट टेकवत, मी वह्या तपासताना फिरायचो तशी. परत येऊन म्हणाली, सर, हे झाड त्या एका कोंबाने वर जातं. तो गेला की परत वाढत नाही. मी तुळशीचा दाखला दिला. ती म्हणाली, सर, तुम्ही घरी जा.

आवाज चढवला नाही. संस्कार माझेच. ही रजा समजतो. रजेवरचा माणूस नोकरीत असतोच, तेव्हा अट मोडलेली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
वसुधा सकाळीच राऊला गेली. माझा राहिलेला मफलर आणायला, म्हणाली. मफलर माझ्या गळ्यात होता.

१८ डिसेंबर, गुरुवार
घरभर पुठ्ठा, तार, सोनेरी कागद. वसुधा बाशिंगं करते आहे. नवरदेवाच्या कपाळाला बांधतात तशीच, फक्त मधे चांदणी. खुडलेल्या शेंड्यावर वरच्या चार फांद्यांना बांधायची, म्हणजे बोडकेपणा झाकतो. हॉटेलवाल्याला पहिलं आवडलं. बाकीच्यांनाही तसंच हवंय. मी मदत करू म्हटलं. ती म्हणाली, नको, तुम्ही नुसते बसा.
बसलो. फार अवघड काम.

२३ डिसेंबर, मंगळवार
कस्तुरीचा फोन. परत बोलावते आहे म्हणून घाईने उचलला. म्हणाली, सर, नमस्कार. काकू आहेत का?

२५ डिसेंबर, गुरुवार
आज मुदत पुरी. वसुधाला गौतमपुऱ्याची आठवण करून दिली, नकाशाही दाखवला. ती चपला घालत होती. म्हणाली, कस्तुरीने मला कायमचं कामाला बोलावलंय, आजपासूनच जाते आहे. मी विचारलं, अनुभव माझा आणि काम तुला? इतकी वर्षं ती तुळस कुणी सांभाळली?

ती दारात थांबली. म्हणाली, तुम्ही खुडून खुडून दर उन्हाळ्यात मारता ती. मी तसलीच नवी आणून लावते. आधी बाजारातून आणायचे, आता कस्तुरीकडून आणते. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, एक तरी गोष्ट आपण टिकवली असं तुम्हाला वाटत होतं. बरं वाटायचं मला ते बघून.
मग पिशवी घेऊन गेली. डबा ओट्यावर झाकून ठेवला होता.

दुपारी
बाल्कनीत गेलो. तुळस चांगली डेरेदार आहे. एक मंजिरी आली आहे.
हात खिशात घालून उभा राहिलो. जमेल तेवढा वेळ.