दाजी, तुमचं भविष्य आमच्या जिन्यापर्यंत आलं

रोम, सेन्तोचेल्ले
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ओरेस्तेचा, साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढी गोड मानून घ्या.) एर्सिलियाताईचा रक्तदाब कसा आहे? तुमच्या मधमाश्या तुम्हाला चावतात, की दिग्दर्शक म्हणून थोडा मान ठेवतात? मी मजेत आहे. उजवा खांदा पट्ट्यात आहे, डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना बांधलेली आहेत, आणि आणखी एका जागेबद्दल ताईच्या हाती पडू शकणाऱ्या पत्रात लिहिणं बरं दिसत नाही. बाकी प्रकृती ठणठणीत.

पत्रास कारण, तुमचा ‘लोखंडी पहाट’. सिनेमा काढून विसरून जायचा हक्क दिग्दर्शकाला असतो, पण मी त्यात स्टंटवाला म्हणून सतरा वेळा मेलोय, मला तो हक्क नाही. त्र्याऐंशी साली आपण खडीच्या खाणीत तो उरकला आणि गोष्ट घडते म्हणून सांगितलं दोन हजार चोवीसमध्ये, कारण तोवर तपासून बघायला आपल्यापैकी कुणी उरणार नाही असा तुमचा हिशेब होता. दाजी, हिशेब चुकला. मी उरलो. आणि रोज तपासून बघतोय.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळींनी सिनेमा मंडळ काढलंय. जुने, स्वस्तातले, भयंकर सिनेमे आणायचे, अंगणात चादर टांगायची आणि पोट धरून हसायचं, असा त्यांचा उपक्रम. गेल्या रविवारी तुमची पाळी लागली. मला पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं, हातात वाइनचा पेला दिला. मी मनाची तयारी करून गेलो होतो, की आज आपलं हसं होणार. दाजी, कुणी हसलं नाही! म्हणजे घाबरलंही नाही कुणी. सगळे भाडेकरूंच्या बैठकीला बसल्यासारखे गंभीर. भिंतीभिंतीवरच्या पडद्यांतून तो जुलमी राज्यकर्ता बोलायला लागला, तर मागून एक बाई म्हणाली, “निदान हा स्वतः येऊन बोलतोय. आमच्या ऑफिसात तर कोण काढून टाकतं तेच कळत नाही.” तोंडं झाकलेले मोटारसायकलवाले अन्नाच्या गोळ्या घेऊन सुसाट निघाले, तेव्हा जेवण पोचवणारे दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, “यांना गाडी कंपनी देते का रे?” आणि बंडखोर तळघरात लपतो तो प्रसंग (ज्यावर तुम्ही तीन दिवस घालवलेत, पाणी गळतंय, उंदीर फिरताहेत, माणुसकीचा अंत वगैरे) तो आल्यावर सगळ्या अंगणातून एकच हुंकार निघाला. मला वाटलं, चला, हेलावले एकदाचे. तर शेजारची मुलगी कानाशी कुजबुजली, “दोन खोल्या! एकट्याला!”

माणसं मारणारं यंत्र गोळी घालण्याआधी वीस सेकंद मोजतं, त्याचं तर त्यांनी कौतुकच केलं. आमच्या इमारतीच्या नव्या मालकांनी नोटीससुद्धा एवढा वेळ देऊन कधी लावली नाही म्हणे.

नव्या मालकांबद्दल तुम्हाला लिहायचं राहिलंच. मालक म्हणजे माणूस नाही, गुंतवणूकदारांचा एक फंड आहे. तो कुठे राहतो ते कुणाला माहीत नाही. त्याने अर्धे गाळे पर्यटकांना द्यायला काढले आणि सगळ्या दारांच्या किल्ल्या गोळा करून आकड्यांची कुलुपं बसवली. आकडा दर आठवड्याला बदलतो आणि फोनवर येतो. दाराच्या वर कॅमेरा, अंगणातही एक. शिवाय प्रत्येक भाडेकरूला तारे मिळतात. मला तीन होते. (कचरा वेळेवर, पण जिन्यात गातो.) तुमच्या सिनेमात दार नागरिकाचा क्रमांक विचारायचं, तेव्हा आपण चहापानाच्या सुट्टीत खोखो हसलो होतो ना? माफी मागतो.

तर बुधवारची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरची वेलिया, वय अठ्ठ्याहत्तर, चपला घालून कचरा टाकायला खाली गेली. परत येते तो दार बंद, फोन आत, गॅसवर चण्यांचं पातेलं, आणि आतल्या खोलीत तिचा नवरा क्विरिनो. क्विरिनोच्या खुब्याचं हाड आठ महिन्यांपूर्वी मोडलं. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले चाला, हा म्हणाला नाही चालत. तेव्हापासून पलंगावर. कानानेही अधू, त्यामुळे दार बडवून उपयोग शून्य. वेलिया खाली माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता.

मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. यंत्र अतिशय गोड बोललं. ओळख पटवण्यासाठी पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव सांगा म्हणालं. वेलिया म्हणाली, “मी कधी प्राणी पाळला नाही, फक्त नवरा.” क्विरिनो, असं आम्ही सांगून पाहिलं. चुकलं. (उत्तर तोरिनोतल्या तिच्या भाच्याने भरलं होतं, आणि तो विमानात होता.) तीन चुकांनंतर यंत्राने आमच्या सुरक्षेसाठी आम्हालाच चोवीस तास बंद केलं. अग्निशमन दलाला कळवलं, ते निघाले, पण नाक्यावर अडकले. एवढ्यात करपल्याचा वास जिन्यात आला. वेलिया पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, “ओरेस्ते, तो आत एकटा आहे रे.”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? अंगणातून पावसाच्या पाण्याचा पाइप वर जातो. तुमच्यासाठी असल्या पाइपांवर मी किती वेळा चढलोय! तेव्हा मी तिशीत होतो आणि खाली गाद्या असायच्या, एवढाच काय तो फरक. चढलो. पहिल्या मजल्यापर्यंत तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. तिथे खांदा कटकन वाजला, आणि मी पाइप आणि गॅलरीचा कठडा यांच्यामध्ये असा अडकलो, की वर जाता येईना, खाली येता येईना. गॅलरीत एक जर्मन जोडपं भर दुपारी उशिराची न्याहारी करत होतं. त्यांना वाटलं भाड्यात हाही खेळ समाविष्ट आहे. दोघांनी फोटो काढले आणि बाईने मला उकडलेलं अंडं देऊ केलं.

मग फंडाचा रखवालदार आला. काळा गणवेश, चिलखत, डोळ्यांवर काच, सगळा थाट तुमच्या सिनेमातल्या शिपायांचा, फक्त कापड चांगलं. काच वर केली तर आतून इजिनियो! मंडईत मोझ्झारेला चीज विकायचा, मंडई उठल्यावर ही नोकरी धरली.

“ओरेस्तेकाका, खाली उतरा.”

“उतरता आलं असतं तर इथे काय हवा खायला थांबलोय?”

“कंट्रोल विचारतंय, तुम्ही धोका आहात का?” कानातल्या बटणावर बोट ठेवून तो म्हणाला.

“अरे धोका कसला, तो अडकलाय!” खालून वेलिया ओरडली. “दार उघड ना मेल्या, तुझ्याकडे आकडा असेल!”

नव्हता. दारं बंद करायचा अधिकार त्याला होता, उघडायचा नव्हता. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. चिलखतातून रुमाल काढता येईना.

आणि दाजी, तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या गॅलरीचं दार उघडलं. धुराचा एक लोट बाहेर आला आणि त्यामागून रात्रीच्या सदऱ्यात, खुर्ची पुढे ढकलत ढकलत, स्वतःच्या दोन पायांवर उभा असलेला क्विरिनो! आठ महिने तीन डॉक्टर, एक पाद्री आणि बायकोची विनवणी यांनी जे झालं नाही, ते करपलेल्या चण्यांनी केलं. उठून त्याने गॅस बंद केला होता. कठड्यावरून वाकून त्याने आधी बायकोकडे पाहिलं.

“चणे जाळलेस, वेलिया! भर दुपारी चणे जाळलेस!” मग मी दिसलो. “आणि हा म्हातारा आपल्या पाइपाला काय करतोय?”

वेलिया हसायला लागली आणि मग रडायला, की उलट, ते मला लटकलेल्या अवस्थेत नीट दिसलं नाही. तो आत वळला आणि जाऊन त्याने जिन्याकडचं दार साध्या कडीने उघडलं. आतून आकडा लागत नाही. बंबवाले आले तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी शिडी लावून मला उतरवलं. जर्मनांनी उभं राहून टाळ्या दिल्या.

काल फंडाचं पत्र आलं, सोबत कॅमेऱ्यातला फोटो. आरोप: इमारतीच्या दर्शनी भागावर परवानगीशिवाय सादरीकरण. तीन ताऱ्यांचा एक तारा झाला, आणि एका ताऱ्यावर घराचा करार पुढे वाढवत नाहीत. चाळीस वर्षांचं घर आहे हे, दाजी. येत्या गुरुवारी फोनच्या पडद्यावर सुनावणी आहे. तुम्ही मात्र तिकडे डोंगरात मध काढा. भविष्य दाखवून झालं, आता भोगायला आम्ही आहोतच.

ताईला नमस्कार.

आपला,
ओरेस्ते

ता. क. सुनावणीच्या अर्जात मी ‘हे चित्रीकरण होते, लोखंडी पहाट भाग दोन’ असं लिहून टाकलंय. दिग्दर्शक म्हणून तुमचं नाव दिलंय. सोबतच्या कागदावर सही करून उलट टपाली पाठवा. तारीख बुधवारच्या आधीची टाका. क्विरिनोने साक्षीचं कबूल केलंय, पण मोबदल्यात त्याला भाग दोनमध्ये खलनायकाचं काम हवंय, आणि तो बसून करणार नाही म्हणतो.

ता. क. दुसरा. खरं सांगू? घराचं बघता येईल, गल्लीतली सगळी मंडळी सुनावणीला येणार आहेत. सही मला दुसऱ्याच कामासाठी हवी आहे. चित्रीकरण होतं म्हटलं, की त्या कॅमेऱ्यातलं संपूर्ण चित्रण मागता येतं, पण फक्त दिग्दर्शकाच्या सहीवर. तुमच्या अकरा सिनेमांत मी पेटलो, पडलो, बुडलो, पण दर वेळी शिरस्त्राण घालून, नाहीतर पाठमोरा. चेहरा नेहमी दुसऱ्याचा. बुधवारी पहिल्यांदाच सबंध चढाई माझ्या तोंडासकट टिपली गेलीय, आणि त्या नालायक कॅमेऱ्याने, दाजी, प्रकाश फार सुंदर धरलाय.