पालिकेच्या बाईंसाठी लापशी

अर्मासदादा,

पालिकेच्या बाई दहा वाजता येतील. तू इथेच राहायचं की वृद्धाश्रमात जायचं, हे त्या तुला विजेच्या शेगडीवर लापशी करायला लावून ठरवणार आहेत. म्हणून आईच्या पद्धतीची आठवण करून देते. शेगडीची पातेल्याच्या बुडाएवढीच तापणारी प्लेट निवडायची, झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं आधीच प्लेट बंद करायची. उरलेल्या धगीवर लापशी आपोआप शिजते. आणि शेगडीवर लोकरीचे हातमोजे वाळत घालायचे नाहीत. गेल्या महिन्यात पडदा पेटला तेव्हा वर मलाच म्हणालास, "टूलिक्की, बोंबलू नकोस, मोजे वाळले ना?"

तेव्हापासून बाहेर जाताना शेगडीची फिरवायची बटणं मी काढून नेते. आजही पर्समध्ये आहेत. मी पोहायला चाललेय, बारापर्यंत येणार नाही.

बाईंनी विचारलं तर खरं तेच सांग, की बहीण बटणं माझ्या हाती देत नाही. त्यांना मग लापशीची वाट बघत बसावं लागणार नाही. ही चिठ्ठीही खुशाल दाखव; मी तुझी किती काळजी घेते ते त्यांना कळेल.

तुझं कपाट तेवढं रिकामं करून ठेव. सोमवारी तुझ्या खोलीला रंग द्यायला माणूस येतोय.

टूलिक्की