सॉनाबाहेरचं स्टूल

बुद्धभूषण,

पहाडगंजच्या शाळेत मीटिंग आहे, मी निघतेय. बाबांना आज तू आणलेल्या त्या इन्फ्रारेड सॉनात, म्हणजे त्या शेकायच्या केबिनमध्ये, तूच बसव.

बीपीच्या गोळ्या बघून डॉक्टरांनी पंधराच मिनिटं सांगितलीत. आधी ग्लासभर पाणी दे, घड्याळ काढून घे. आत ओले स्वेटर वाळत घालू नकोस. पहिल्या दिवशी मी घातले आणि बाबांची बोलणी खाल्ली.

पण काय वस्तू आहे रे ही. ना जाळ, ना वाफ. आतली हवा जेमतेम गरम लागते आणि ऊब मात्र थेट हाडांत उतरते. मी अजून बघतच राहते. काल ते गुडघे न धरता बाहेर आले आणि म्हणाले, "चंदा, हे आपल्या वर्ध्याचं ऊन आहे."

दाराबाहेर कुणीतरी बसायलाच हवं, हे तूच माहितीपत्रकातून वाचून दाखवलंस. तेव्हा स्टूलवरून उठू नकोस. तू नोकरी सोडल्यापासून तुम्ही दोघं बोलत नाही, माहीत आहे मला. पण आतून ते दर दोन मिनिटांनी विचारतात, "आहेस ना?"

"आहे, बाबा," एवढंच म्हण.

आई