हौदाच्या काठावरची चप्पल

केज, मंगळवार, संध्याकाळ

आज आठ दिवसांनी नळ आला. अंगणातल्या हौदाचं झाकण काढून पाइप आत सोडला, तेवढ्यात डब्यातली पोळी गायब म्हणून थोरलीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी आत पळाले. झाकण तसंच उघडं. चूक माझीच.

परत येऊन बघते तर काठावर चिऊची लाल चप्पल. एकच. दोन वर्षांचं लेकरू! आडवी पडून खांद्यापर्यंत हात घातला. नुसतं पाणी.

आणि आतून थोरली, "मम्मी, चिऊ इथं हाय की! मोत्यासंग पोळी खायलीय."

बाजेखाली पोरगी आणि कुत्रा, दोघं मजेत. चप्पल मोत्यानंच नेऊन टाकली होती. घरातली एकही चप्पल तो जागेवर ठेवत नाही, रोज मार खातो. आज त्याच्याच गळ्यात पडून रडले.

ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगू का? झाकणावर पाटा ठेवलाय, तरी तीनदा बघून आले.

ती लाल चप्पल चिऊच्या पायात घालवेना. मोत्यालाच देऊन टाकली.